गोधडीचं पोट

डब्लिन, ओहायो
१४ सप्टेंबर २००४

चि. शोभना,

आशीर्वाद. नको असले तरी ठेवून घे, परत पाठवायला टपालखर्च पडेल.

दीड वर्ष झालं, तू माझ्याशी एक शब्द बोललेली नाहीस. मी फोन केला की भावजी उचलतात आणि "ती देवळात गेलीय" म्हणतात. सकाळी सातला देवळात, दुपारी दोनला देवळात. एवढी भक्ती तुझ्या अंगात कधी शिरली? म्हणून आता पत्र. ते निदान तुझ्या हातात तरी पडेल.

राजारामदादाचा फोन आला होता. उपासनाचं लग्न मे महिन्यात ठरलंय हे मला, सख्ख्या मावशीला, चुलतभावाकडून कळतं. असो. मुलगा पुण्याचा, इंजिनियर, चष्मा नाही, एवढं सगळं सांगून झाल्यावर त्याने तुझा निरोप दिला. ताईने आईच्या लुगड्यांची पेटी नेली ती नेली, पण त्यातलं अंजिरी इरकल लग्नाला येताना परत आण. उपासनाला देवकाच्या दिवशी आजीचं लुगडं नेसायचंय.

लुगडी सगळी सुखरूप आहेत. इरकलाची तर घडीसुद्धा मोडलेली नाही. मलमलीत गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून, निधीच्या गेस्ट रूमच्या कपाटात ठेवलंय. तू निश्चिंत राहा.

"नेली ती नेली" हे मात्र मला लागलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेटी टॅक्सीत ठेवली तेव्हा तू आत झोपली होतीस. उठवावंसं वाटलं नाही, इतकंच. त्याला कोणी चोरी म्हणत नाही.

माझं इथे बरं चाललंय. प्रफुल्ल सातला ऑफिसला निघतो, निधी साडेसातला, कादंबरीची शाळेची बस आठला. मग घरात मी आणि डिशवॉशर. घरामागची हिरवळ ओलांडली की एक लुथरन चर्च आहे. देवाचं काम रविवारी, बाकीचे सहा दिवस लोकांचं. शुक्रवारी गरजूंना किराणा वाटतात, गुरुवारी एकट्या म्हाताऱ्यांना जेवायला बोलावतात आणि मंगळवारी बाहेरदेशच्या लोकांना फुकट इंग्रजी शिकवतात. निधीने परस्पर माझं नाव घालून टाकलं. प्रफुल्ल म्हणाला, "जा ना आई, पण बी केअरफुल हां. हे लोक हळूहळू कन्व्हर्ट करतात." मी त्यांची कॉफी प्यायले आहे. एवढ्या पातळ कॉफीवर कोणी धर्म बदलत नाही.

वर्गात मी, दोन सोमाली बायका आणि एक कोरियन आजोबा. बाई दर वेळी विचारणार, "हाउ आर यू टुडे?" आणि आम्ही ओळीने म्हणणार, "आय अ‍ॅम फाइन, थँक यू." तिसऱ्या मंगळवारी मी म्हटलं, "आय अ‍ॅम नॉट फाइन." बाईंच्या पुस्तकात त्याच्या पुढचं वाक्यच नव्हतं. त्या इतक्या गडबडल्या की मला त्यांची दया आली आणि मी उठून शेजारच्या खोलीत गेले.

शेजारी सात-आठ म्हाताऱ्या मोठ्या टेबलाभोवती गोधड्या शिवत होत्या. शिवत कसल्या, बांधत होत्या! वर एक कापड, खाली एक कापड, मध्ये विकतच्या कापसाची लादी, आणि वीत-वीतभर अंतरावर लोकरीची एकेक गाठ. संपलं. पाहुण्याला अर्धा कप चहा द्यावा तशी गोधडी. विचारलं तर म्हणाल्या, या आफ्रिकेत जातात. टांझानियाच्या डोंगरात इलुंडा नावाचं गाव आहे, तिथल्या चर्चशी यांच्या चर्चचं वीस वर्षांचं नातं आहे. तिथे थंडी फार.

मला राहवलं नाही. मी एकीच्या हातातली सुई काढून घेतली आणि कोपऱ्यापासून धावदोरा घालायला बसले. त्यांची पुढारी आर्लीन, वय अठ्ठ्याहत्तर, ताठ, पांढरेशुभ्र केस, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "वेल, दॅट्स डिफरंट."

मला वाटलं कौतुक केलं. घरी निधीला सांगितलं तर ती हसत सुटली. "अहो आई, म्हणजे तिला आवडलं नाही!"

मी पुढच्या मंगळवारी पुन्हा गेले.

तुझी ताई

---

२१ नोव्हेंबर २००४

चि. शोभना,

उत्तर आलं नाही. राजारामदादाला विचारलं, पत्र पोचलं का. म्हणाला, पोचलं, तिने वाचून डब्याखाली ठेवलंय. कुठल्या डब्याखाली ते नाही सांगितलं. रोजच्या डाळीच्या असेल तर आशा आहे.

आता तुला इकडची गंमत सांगते, म्हणजे लुगड्यांचा विषय काढायला नको. लुगडी मजेत आहेत.

आर्लीनचं आणि माझं भांडण जोरात आहे. ती इथल्या पद्धतीने भांडते, म्हणजे आवाज चढवत नाही, गोड हसते आणि मी घातलेल्या टाक्यांवरून हात फिरवून म्हणते, "रत्ना, हनी, यातल्या एका गोधडीला तू तीन आठवडे घेतेस. आमच्या तेवढ्यात नऊ होतात." मी म्हटलं, "युवर नाइन, वन वॉश, फिनिश. माय वन, ट्वेंटी इयर." ती म्हणाली, "माणसाला या हिवाळ्यात थंडी वाजतेय, वीस वर्षांनंतर नाही." हे काही मला पटलं नाही. शेवटी असं ठरलं की त्यांनी गाठी माराव्यात, मी धावदोरा घालावा आणि मदतीला त्या दोन सोमाली बायका घ्याव्यात. त्याही इंग्रजीच्या वर्गाला कंटाळल्याच होत्या. आता तिघींची मिळून आठवड्याला एक होते, दीडसुद्धा.

प्रत्येक गोधडीचं पोट मी स्वतः भरते. आईने शिकवलेलं सोडायचं कसं? चार बाजू शिवून झाल्या, मधला चौकोन तेवढा उरला, की त्यात चपातीचा वाळवलेला तुकडा आणि चिमूटभर हळदकुंकू, पातळ फडक्यात बांधून ठेवायचं आणि शेवटचे टाके घालायचे. उपाशी गोधडी दुसऱ्याला काय ऊब देणार, असं आई म्हणायची. मी चपाती आदल्या दिवशी तव्यावर कडक करून, पर्समध्ये घालून नेते. कुणाला सांगितलेलं नाही. स्वयंपाकघरातल्या गोष्टी देवाच्या घरात सांगत बसू नयेत.

एकदा कादंबरीने पाहिलं. म्हणाली, "आजी, यू कान्ट पुट फूड इन अ ब्लँकेट! दॅट्स सो ग्रोस." मी म्हटलं, तू पलंगावर बसून पिझ्झा खातेस त्याचं काय?

एकच अडचण आहे, मऊ कापड मिळत नाही. लोक चर्चला देतात ते पडदे, चादरी, कुणाच्या नवऱ्याच्या जाड विजारी. सुई आत जाताना रडते. सुती, वापरून वापरून मऊ झालेलं कापड या देशात सापडतच नाही, कारण तेवढं वापरतंच कोण? पण मी काहीतरी सोय केली आहे. इतकी सुंदर गोधडी झाली की आर्लीन नुसती हात फिरवत राहिली.

आता या मऊ कापडाची चौकशी करू नकोस.

तुझी ताई

---

९ जानेवारी २००५

शोभना,

तुझा निरोप डिसेंबरातच मिळाला. राजारामदादाने वाचून दाखवला, म्हणजे तू लिहून दिलास! मला लिहायला कागद नाही, त्याला लिहायला आहे.

तू म्हणतेस, इरकलाची घडी मोडली नाही म्हणजे काय, आई ते शेवटचे चार महिने दिवसाआड नेसत होती, घडी होतीच कुठे? आणि ज्या बाईला हेसुद्धा माहीत नाही तिने पेटी उचलून नेली, याला चोरटेपणा म्हणतात.

बरं. तर मग ऐक.

लुगडी मी कापली. सात. दोन पांढरी, ते हिरवं काठाचं, आईचं फिकं निळं आणि तीन घरात नेसायची. गोधड्यांना लावली. मऊ कापडाची सोय ती हीच. कपाटात पडून त्यांना कसर लागली असती, उलट आता माणसांच्या अंगावर जातील. आईला हेच आवडलं असतं. आईला काय आवडलं असतं ते सांगायचा हक्क फक्त तुलाच आहे असं नाही.

इरकल मी कापलेलं नाही. देवाशपथ सांगते, त्याला कात्री लागलेली नाही.

आणि चोरटेपणाचं म्हणशील, तर दहा वर्षं आई तुझ्याकडे होती. तिची पथ्यं, तिची दुखणी, तिचे पाय चेपणं, सगळं तुझ्या वाट्याला आलं म्हणून तू सगळ्या गावाला सांगतेस. पण तिच्या गप्पाही तुझ्याच वाट्याला आल्या. ती सकाळी तुझं नाव घेऊन उठायची. मला मिळायचा दर रविवारी पाच मिनिटांचा फोन आणि त्यात ती अर्धा वेळ विचारायची, तिकडे आता किती वाजले? मी आले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. तू मला अस्थी दाखवल्यास. मी पेटी नेली, कारण तिला आईचा वास होता आणि तुझ्या अख्ख्या घराला आहे. आता तू पत्र फाडलंस तरी चालेल.

जरा थांबून चहा घेतला.

इकडची बातमी अशी, की पास्टर जिम आणि चर्चचे सहा जण काल टांझानियाला गेले. दरवर्षी जातात. तिथल्या शाळेचं छप्पर, पाण्याची टाकी, कुणाच्या शिक्षणाची सोय, अशी कामं दोन्हीकडचे मिळून करतात. परवा आर्लीन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाकीच्या गोधड्या मार्चच्या ट्रकने जातील, पण इलुंडाच्या लोकांना भेट म्हणून एक हाताने न्यायची आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून तुझी निवडली." त्यातही मी डिसेंबरात केलेली, सगळ्यात जाड. ती बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच ती खोकली, म्हणजे मला ते दिसलं नाही असं व्हावं.

मी म्हणायला हवं होतं, ती नको, दुसरी न्या. तोंडापर्यंत आलं होतं. पण आठ जणी टाळ्या वाजवत होत्या.

ती गोधडी जरा जास्तच जाड आहे.

ताई

---

६ मार्च २००५

चि. शोभना,

हे पत्र बसून वाच. भावजींनाही बसव.

मंगळवारी चर्चच्या तळघरात उंदीर निघाला. ट्रकसाठी बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यातून. आर्लीन अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, खुर्चीवर चढली. इतर बायका ओरडल्या. सोमाली बायकांपैकी एकीने चप्पल मारून विषय संपवला. मग गठ्ठा सोडून बघतात तर माझीच गोधडी, मधोमध कुरतडलेली, आणि त्यातून चपातीचा चुरा आणि हळदकुंकू सांडतंय.

पास्टर जिम धावत आले. त्यांच्या तळहातावर तो चपातीचा तुकडा, लाल-पिवळा माखलेला, आणि चेहरा असा की त्यांना काहीतरी विचारायचंय पण माझं मन दुखवायचं नाहीये. त्यांना वाटलं मी काही मंतरून ठेवलंय. मला जितकं इंग्रजी येतं तितकं सगळं मी एकदम वापरलं. "क्विल्ट हंग्री. माय मदर टेलिंग, हंग्री क्विल्ट, नो वॉर्म. सो आय गिव्ह चपाती."

आर्लीन खुर्चीवरूनच म्हणाली, "वेल." पुढचं वाक्य या वेळी आलं नाही.

कळलं ते असं, की परदेशी जाणाऱ्या गठ्ठ्यात खाण्याचा कण चालत नाही. सगळा माल अडवतात. म्हणजे माझ्या एकवीसच्या एकवीस गोधड्यांची पोटं उसवायची. ट्रक दहा दिवसांवर. मी म्हटलं, माझी चूक, मी एकटी करते. कोणी ऐकलं नाही. आर्लीन, सोमाली बायका, इंग्रजीच्या बाई, ते कोरियन आजोबासुद्धा (ते सुई छान चालवतात, सैन्यात शिकले), सगळे चार दिवस बसले. आर्लीन माझा धावदोरा उसवायला लागली आणि तासाभराने कातर खाली ठेवून म्हणाली, "रत्ना, हे निघतच नाही गं." मला लाज वाटत होती, तरी आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

उसवलेल्या जागी तिनेच युक्ती काढली. चपातीएवढं गोल पिवळं कापड कापलं आणि तिथे ठिगळ लावलं. म्हणाली, "देअर. नाउ शी हॅज ईटन." मी तिला मिठी मारली. तिला सवय नाही, ती ओंडक्यासारखी उभी राहिली, पण पळाली नाही.

आज सकाळी पास्टर जिम यांनी यावरच प्रवचन दिलं म्हणे, की माणसाने दुसऱ्याला ऊब द्यायच्या आधी त्याच्या भुकेचा विचार करावा. लोक रडले. मी उंदीर आणला आणि संत झाले!

आता जे सांगायचं ते.

एकवीस उसवल्या. बाविसावी टांझानियाला गेलीय. तीच, डिसेंबरातली. राजारामदादाने फोनवर तुझा तो चोरटेपणाचा निरोप वाचला त्या दिवशी मी रागाच्या भरात गेस्ट रूमच्या कपाटातून इरकल काढलं. कापलं नाही, शपथ खरी आहे. अख्खं, नऊच्या नऊ वार, चौपदरी घडी घालून कापसाच्या लादीऐवजी आत भरलं. वर निळी चादर, खाली निळी चादर, आणि असा दाट धावदोरा घातला की कुणाला कधी मिळू नये. तुला मिळू नये म्हणून. चौसष्ट वर्षांच्या बाईने हे केलं. मी केलं.

टाके घालता घालता राग गेला. वाटलं, नाताळच्या सुट्टीनंतर सावकाश उसवून काढू. पण तोवर आर्लीन टाळ्या वाजवायला आठ जणींना घेऊन आली.

चपातीबद्दल इलुंडाला कळवायलाच हवं होतं. कादंबरीने माझ्यासाठी ई-मेल टाइप केलं. चर्चच्या तिथल्या महिला मंडळाची प्रमुख आहे नेएमा म्गाया, तिला. "गोधडीच्या मधोमध चपाती आहे, कृपया काढून टाका, उंदीर येतील." कादंबरी म्हणाली, "एनीथिंग एल्स, आजी?" दिलेली भेट परत कशी मागायची? शेवटी म्हटलं, लिही, थँक यू.

शोभना, इरकल गेलं. मी घालवलं. उपासनाला काय सांगायचं ते तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर मला घरात घेतलं नसतं.

रत्ना

---

२४ एप्रिल २००५

प्रिय शोभना,

लग्नाची पत्रिका मिळाली. पत्ता तुझ्या अक्षरात. पाकीट हातात धरून मी इतका वेळ उभी राहिले की निधीने विचारलं, "आई, कोणी गेलं का?" म्हटलं, नाही, कोणीतरी आलं.

मग आत बघितलं. मागच्या बाजूला पेनाने एक ओळ. "इरकल घेतल्याशिवाय माझ्या दारात येऊ नकोस." नाव नाही, सही नाही. पण पेन इतकं दाबलंस की कागदाला भोक पडलंय.

मी म्हटलं, ठीक. मागायचं. लाज गेली खड्ड्यात. कारण त्याच आठवड्यात इलुंडाची चार माणसं इथे यायची होती. जानेवारीत हे जातात, एप्रिलमध्ये ते येतात. नेएमा त्यात होती.

त्यांच्या स्वागताला चर्चमध्ये मोठं जेवण ठेवलं होतं. मी डाळ-भात आणि चपात्या नेल्या. नेएमा पन्नाशीची, धिप्पाड, आवाज असा की माइक बाजूला ठेवावा. तिने ताटातली चपाती उचलली आणि ओरडली, "चपाती! हीच ती!" त्यांच्याकडेही चपातीच म्हणतात गं, आणि करतातही तशीच, आपल्यापेक्षा जाड. इतक्या सगळ्या लोकांसमोर तिने सांगितलं, की ई-मेल आलं तेव्हा बायका पोट धरून हसल्या. "आम्ही वीस वर्षं अमेरिकेच्या भेटी घेतोय. औषधं आली, पुस्तकं आली, एकदा बर्फात घालायचे बूट आले. पण जेवण घालून पाठवलेली गोधडी ही पहिलीच."

जेवणानंतर ती माझ्याकडे आली. एका कोपऱ्यात खुर्च्या ओढून बसलो. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं, पण ती हळू बोलते, त्यामुळे मला सगळं कळलं. चपाती काढायला तिने मधला चौकोन उसवला तर आत कापड सापडलं. अंजिरी, काठाचं, अख्खं, कुठेही न कापलेलं. माझ्याकडे रोखून बघत तिने विचारलं (त्यांच्याकडे बाईमाणसाला मानाने मामा म्हणतात, म्हणजे आई), "मामा रत्ना, तू कुणावर रागावली होतीस?"

मी म्हटलं, हे तुला कसं कळलं? ती म्हणाली, त्यांच्याकडे बायका रंगीत कापडं नेसतात, त्यांना कांगा म्हणतात आणि त्यावर एक ओळ छापलेली असते. जावेला, सासूला, बहिणीला जे तोंडाने बोलता येत नाही ते बायका कांगातून बोलतात. टोमणा मारायचा असेल तर तसा कांगा नेसून तिच्या दारावरून चालत जायचं. म्हणून तिथल्या बायकांना कापड वाचता येतं. अख्खं लुगडं कोणी गोधडीत दडवत नाही, एकतर वेड लागलं तर, नाहीतर भांडण झालं तर. आणि माझे टाके वेड्या बाईचे नव्हते, असं ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. तू, आई, पेटी, राजारामदादा, सगळं. रडलेसुद्धा. लांबून आर्लीन बघत होती, तिने येऊन पेपर नॅपकिनचा अख्खा गठ्ठा ठेवला आणि निघून गेली.

मग मी विचारलं, गोधडी कुठे आहे?

ती तिच्या सासूकडे आहे. शहाऐंशीची आहे, पाय गेले आहेत, दिवसभर अंथरुणात. गावाने भेट सगळ्यात म्हाताऱ्या बाईला दिली. नेएमाने लुगडं काढायला घेतलं तर सासू ओरडली, जिथे होतं तिथे ठेव, त्यानेच वजन आहे. नेएमाला स्वतःच्या हाताने परत शिवायला लावलं, आणि ताज्या चपातीचा तुकडा आत घालायला लावला, उंदीर आले तर बघून घेईन म्हणाली. नातवंडांना हात लावू देत नाही. वर्षानुवर्षं तिला थंडीने झोप लागत नव्हती, आता उठवावं लागतं.

एवढं सांगून नेएमा म्हणाली, "पण ते तुझ्या आईचं आहे. तू म्हण, मी आज फोन करते. माझा मुलगा दार-एस-सलामला नेऊन विमानाने पाठवेल. लग्नापर्यंत पोचेल. सासूला मी समजावेन. ती शिव्या देईल, मला सवय आहे."

शोभना, "हो" म्हणायचं होतं. तुझी ती भोक पडलेली पत्रिका माझ्या पर्समध्ये होती. मला तुझ्या दारात यायचंय, माझ्या भाचीला अक्षता टाकायच्यात. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, नको, असू दे. म्हातारीला गाढ झोप लागते म्हणतेस, तर असू दे.

आईचे पाय मी कधी चेपले नाहीत. आता कुणाच्या तरी सासूचे पाय आईच्या लुगड्यात गरम होतायत. हे तुला पुरेसं नाही, मला माहीत आहे. मलाही पुरेसं नाही. पण पहिल्या वेळी मी लुगडं रागाने दिलं होतं, आता मनाने दिलं, एवढा फरक तुला सांगावासा वाटला.

जायच्या आदल्या दिवशी नेएमा घरी आली. तिने एक कांगा दिला. खरं म्हणजे दोन. कांगा जोडीने विकतात, दोन सारखी कापडं एका तुकड्यात, मध्ये न छापलेली पट्टी. तिथून कापून दोन करायची. एक कमरेला, एक डोक्याला, किंवा एक मला, एक माझ्या बहिणीला, असंही करतात. पिवळ्या रंगाचा, लाल काठाचा, देवकाला अगदी शोभेल, उपासनाला वाटलं तर खांद्यावर घेऊ दे. त्यावर काय छापलंय ते मी नेएमाला विचारलं. खूप हसली आणि म्हणाली, तुमचं भांडण मिटेपर्यंत सांगणार नाही.

निधीने कात्री आणली होती. म्हणाली, "आई, द्या, मी स्ट्रेट कट करून देते, पॅकिंगला बरं पडेल." मी तिच्या हातातून कात्री काढून घेतली.

बारा मेला सकाळी मी कराडला उतरते. राजारामदादा स्टँडवर येईल. तुझ्या घराच्या पायरीवर बसून राहीन, दार उघड नाहीतर नको उघडू. इरकल नाही माझ्याजवळ. हे कापड आहे, अख्खं, मी त्याला हात लावलेला नाही. कुठून कापायचं, किती कापायचं, कापायचं की नाही, या वेळी तू सांग. कात्री तुझ्या घरची.

तुझी,
रत्ना